डॉक्टरांना खरं सांगा

ठाण्याच्या कोपरीत संध्याकाळी मीठबंदर रोडला कुत्री फिरवणाऱ्यांची वर्दळ असते. आपण फोनवर बोलत असतो आणि कुत्रा कडेचं काहीतरी गट्टम करतो. सिगारेटचं थोटूक असेल म्हणून आपण पुढे जातो. ते गांजाचं असलं, तर घरी आल्यावर कुत्रा झोकांड्या खायला लागतो. उभ्या उभ्या डुलतो, नकळत लघवी गळते, तोंडासमोर हात नेला की दचकून मागे सरतो.

अशा वेळी गांजा, चरस किंवा भांग पोटात गेल्याची शंका घ्यायलाच हवी. त्यातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य मेंदूत जिथे जाऊन चिकटतं, त्या जागा कुत्र्याच्या लहान मेंदूत फार दाट असतात, आणि तोल तिथूनच सांभाळला जातो. बहुतेक कुत्री एक ते तीन दिवसांत बरी होतात, म्हणून ‘उतरेल आपोआप’ म्हणत लोक थांबतात. मला हे अजिबात मान्य नाही. अंग गार पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. गांजाची चॉकलेट ब्राउनी खाल्ली असेल तर जिवावरही बेतू शकतं, कारण चॉकलेट कुत्र्याला मुळातच विषारी.

त्यात घरगुती उपाय. भांग चढलेल्या माणसाला देतात तसं लिंबू-चिंचेचं पाणी कुत्र्याच्या नरड्यात ओततात, उलटीसाठी मिठाचं पाणी पाजतात. गुंगीतल्या कुत्र्याला नीट गिळता येत नाही. पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

कॅनडात २०१८ साली गांजा कायदेशीर झाल्यावर अशा केसेस वाढल्याचं तिथल्या पशुवैद्यांनी सांगितलं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याची धास्ती. डॉक्टरांनी ‘काय खाल्लं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, रोजचंच.’ मग ते बिचारे गोचीड ताप, उंदराचं औषध, डोक्याला मार शोधत बसतात. माणसांसाठीचं लघवीचं किटही कुत्र्याच्या बाबतीत भरवशाचं नाही. विषावर नेमका उतारा नाही; सलाईन, ऊब, उलटी थांबवणारं औषध, वेळेत पोहोचलात तर चारकोल. डॉक्टरांना कुत्रा वाचवायचा असतो, पंचनामा करायचा नसतो.

कुत्र्याने खाल्लेली पुडी घरातल्याच मुलाची निघाली तर ओरडणं नंतर. आधी त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा. किती होतं आणि कधीपासून सापडत नाही, हे त्यालाच माहीत असतं.