तुटीची वही

दिंडीच्या हिशेबाची वही सांभाळणारे सासरे गेले ते 2021 च्या दिवाळीनंतर. त्याआधीची दोन वर्षं वारी पायी निघालीच नव्हती. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही त्या टीव्हीवर पाहिल्या. 2022 ला पालखी पायी निघणार म्हटल्यावर दिंडीतली जुनी माणसं अंगणात येऊन बसली. "वहिनी, वही आता तुम्हीच धरा." मी ब्लाउज शिवणारी बाई. एकशे दहा माणसं, वीसेक दिवस, दोन वेळची पंगत, शिवाय ट्रक, टँकर, तंबू, सिलिंडर. हो म्हणून बसले आणि रात्रभर डोळा लागला नाही.

जमलेल्या भिशीतली निम्मी ट्रकच्या भाड्यातच गेली. दरवर्षी पीठ देणाऱ्या दुकानदाराचा निरोप आला, यंदा जमणार नाही. त्याचाही धंदा दोन वर्षं बसलेला, त्याला काय बोलणार? जो तो म्हणे, "माउली बघेल." मला त्याचा राग यायचा. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पोत्यात हात घालून पाहिला नव्हता.

सासरेही हेच म्हणायचे. म्हणून मला वाटे, त्यांना कधी धास्ती वाटलीच नसेल. मग त्यांच्या वह्या काढल्या. दरवर्षीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत तूट. खाली हातउसने दिलेल्यांची नावं आणि पैसे फेडल्याच्या तारखा. एका दुष्काळी वर्षी दोन शेळ्या विकल्याची नोंद. निघण्याआधी खर्चाइतकी जमा एकाही साली नव्हती, आणि ती दोन बंद वर्षं सोडली तर प्रस्थानाला दिंडी आळंदीत नव्हती असं एकदाही झालं नव्हतं.

वह्या मिटताना दामाजीपंत आठवले. त्यांची कथा आपण शेवटाकडून सांगतो. विठोबा विठू महाराच्या वेशात थैली घेऊन बिदरला पोचला, बादशहाचा हिशेब चुकता झाला. पण दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं उघडली त्या सकाळी पंतांना हा शेवट कुठे ठाऊक होता? (धान्य सरकारी होतं, हे माझ्यातल्या हिशेबनिसाला अजून टोचतं.) दारात भुकेली माणसं होती आणि डोक्यावर बादशहा. भीती गेल्यावर कुलूप काढू म्हणाले असते तर ते कुलूप तसंच राहिलं असतं. सेवेचं नाव काढलं की आपण मुलीचं लग्न, घराचे हप्ते, निवृत्ती पुढे करतो. खर्च खरे असतात, पण ते संपायची वाट पाहणाऱ्याला देव काय पुरवणार, आणि कशासाठी?

तूट दिसत असतानाच आम्ही निघालो. दिवेघाट चढून सासवडला पोचलो तर एका बाईने दोन पाट्या भाकरी ट्रकपाशी आणून ठेवल्या. नाव विचारलं तर "माउली" म्हणून निघून गेली. लोणंदला कुणी तेलाचा डबा दिला. बरडला मात्र पावसाने चुली विझवल्या, सिलिंडर संपला, कुणी आलं नाही. त्या रात्री एकशे दहा माणसं चिवड्यावर झोपली. म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी वाटी पुढे करत विचारलं, "वहिनी, तुम्ही खाल्लं का?"

पंढरपुरात हिशेब मिटवला. 14,300 रुपये तूट. दिवाळीपर्यंत शिवणकामातून फेडली. पेन सासऱ्यांचंच आहे, लाल. यंदा त्यात नवी कांडी घातली.