फायबरच्या पोटातले लाकूड

चिंचणी, डहाणू, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातील झाई येथे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात शाकारून ठेवलेल्या नौका पाहिल्या, म्हणजे फायबरच्या होडीला निगा लागत नाही, हा रूढ समज किती भ्रामक आहे, याची प्रचीती येते. होडीचे कवच न कुजणारे खरे. परंतु जिच्यावर यंत्र टांगतात ती मागची फळी आणि तळातले आधार जुन्या होड्यांत बहुधा कवचात गुंडाळलेल्या लाकडाचेच असतात, आणि सैल स्क्रूच्या छिद्रातून शिरलेले पाणी तेथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. त्यातही खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणीच बुरशीला अधिक मानवते. म्हणजे होडीचा घात बहुधा समुद्र नव्हे, विश्रांतीचा पावसाळाच करतो!

परीक्षा सोपी आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे. टणक नाद जेथे बद्द होतो तेथे बारीक भोक पाडावे, आणि ओला, काळपट भुसा निघाला तर रोग निश्चित समजावा. वरून ठिगळ लावणे व्यर्थ. कवच कापून, निरोगी लाकूड लागेपर्यंत कूज उपसून, जागा पूर्ण वाळवून, रेझिनने माखलेले मरीन प्लायवूड बसवावे व त्यावर काचतंतूंचे थर चढवावेत.

सरकारी दप्तराने हंगामापूर्वी परवान्याच्या कागदांबरोबर हा ठोकाही ऐकण्याची तजवीज करावी. कारण भर दर्यात यंत्राचा भार पेलायचा असतो तो फळीला, कागदाला नव्हे.