टॉवर आले, फलाट मागेच राहिला! काय सांगते जपानचे मुसाशी-कोसुगी स्टेशन?

'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' ही जाहिरात आपल्याला नवी नाही. पण त्या स्टेशनच्या फलाटावर उभे राहायला जागा आहे का, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. जपानी रेल्वे म्हणजे काटेकोर नियोजन, असे आपण धरून चालतो. टोकियोशेजारच्या कावासाकी शहरातील मुसाशी-कोसुगी स्टेशनची गोष्ट मात्र वेगळी आहे.

नेमके काय झाले?

नांबू आणि तोयोको मार्गांच्या या स्टेशनाभोवती पूर्वी कारखाने होते. ते हलले आणि त्या जमिनींवर निवासी टॉवर उभे राहू लागले. १३ मार्च २०१० रोजी योकोसुका मार्गाचा फलाट सुरू झाला. टोकियो स्टेशन सुमारे २० मिनिटांवर आले. साहजिकच इथली घरे आणखी हवीहवीशी झाली.

अडचण कुठे आली?

रचनेतच. दोन्ही दिशांच्या गाड्यांसाठी मधोमध एकच फलाट. जुन्या मार्गांकडून इथे यायला लांबलचक जोडमार्ग. सकाळी चढणारे आणि उतरणारे त्याच फलाटावर, त्याच जिन्यांवर. रांगा गेटबाहेर जाऊ लागल्या. २०१८ मध्ये फक्त आत जाण्यासाठी जादा गेट उघडले. पण गेट वाढवून फलाट रुंद होत नाही. गर्दी बाहेरून आत सरकते, इतकेच. दुसरा फलाट सुरू झाला तो १८ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे पावणेतेरा वर्षांनी.

प्रश्न फक्त रेल्वेचा?

नाही. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी हागिबिस वादळात तामा नदीचे पाणी पावसाळी गटारांतून उलटे शहरात शिरले. एका ४७ मजली टॉवरच्या तळघरातील वीजयंत्रणा बुडाली. वीज गेली, लिफ्ट आणि पाणी बंद पडले. टॉवर भक्कम होता. कमी पडले ते जमिनीखालचे नियोजन.

मग टॉवर नकोत का?

हवेत. स्टेशनजवळ घरे असली की गाडीवाचून भागते. चूक उंचीत नाही, क्रमात आहे. इमारतीला परवानगी देतानाच फलाट, जिने आणि गटारे किती माणसांसाठी आहेत, याचा हिशेब झाला पाहिजे. टॉवर काही वर्षांत उभा राहतो, धावत्या रेल्वेला खेटून फलाट बांधायला मात्र वेळ लागतो. तोवर रांगेत उभा राहतो तो घराचे हप्ते भरणारा माणूस.

म्हणून पुढच्या वेळी 'पाच मिनिटांवर स्टेशन' असे वाचाल, तेव्हा सकाळी साडेआठला त्या फलाटावर एकदा उभे राहून या.