संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली आणि जगभरातील कोट्यवधी धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, पतपेढ्यांच्या कार्यालयांत आणि मध्यमवर्गीयांच्या घरांत असे संगणक कितीतरी असतील. त्यांत बिघाड काहीच झालेला नाही. परंतु ‘विंडोज ११’ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो नसलेल्या यंत्राला नवी प्रणाली अधिकृतपणे मिळत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या जुन्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. यंत्र मालकाचे, पण ते केव्हा निवृत्त व्हावयाचे हे ठरविणार विक्रेता, असा हा विलक्षण मालकीहक्क आहे.

या प्रसंगी कंपनीने घरगुती ग्राहकांना एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली. तिच्या अटी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत. ग्राहकाने ३० डॉलर भरावेत, अथवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतील गुण खर्च करावेत, अथवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यावर साठवावी. तसे केल्यास शुल्क माफ. सेवा एकच, पण तिचे मोल रोकड पैशात द्या किंवा स्वतःविषयीच्या माहितीत द्या, असा हा व्यवहार होता. युरोपात ग्राहक-संघटनांनी आक्षेप घेतला तेव्हा तेथील ग्राहकांसाठी साठवणुकीची अट काढून टाकण्यात आली. भारतीय ग्राहकाला ती सूट लाभली नाही, कारण त्याच्या वतीने तसा आवाजच उठला नाही.

संगणकावर आपले असे काय गुपित आहे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पगाराची स्लिप, मुलीच्या लग्नाचा पत्रव्यवहार, डॉक्टरांचा अहवाल, कर्जाचा अर्ज, विद्यार्थ्यांचे गुण, युनियनच्या सभेची टिपणे हे सारे आज त्याच एका पेटीत असते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. पडद्यावर जे दिसेल त्याचे दर काही सेकंदांनी चित्र टिपून ते त्याच संगणकात साठवून ठेवावयाचे, अशी ती योजना होती. सुरक्षातज्ज्ञांनी टीकेची झोड उठविल्यावर ती लांबणीवर पडली आणि वापरणाऱ्याने स्वतःहून स्वीकारली तरच चालू होईल असा बदल करण्यात आला. टीका झाली नसती तर काय झाले असते, हे सांगावयास नकोच.

खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. त्या कायद्याचा भर मुख्यतः संमतीवर आहे. परंतु कारकुनाला उद्याचे पत्रक आज टंकून द्यावयाचे असते. पडद्यावर येणारा लांबलचक करारनामा न वाचताच तो ‘मान्य’ हे बटण दाबतो. दुसरा पर्याय ठाऊक नसलेल्या माणसाची संमती ही नावापुरतीच संमती असते.

व्यक्तीची ही अवस्था, तर मोठ्या संस्थांची स्थिती फार निराळी आहे असे नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेलकंपनीवर निर्बंध लादले. वाडिनारचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या या कंपनीचे मुख्य व्यवस्थापन वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे मुंबईच्या उपनगरातच आहे. निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसह अनेक सेवा बंद केल्या. आपण पूर्ण मोबदला भरलेला आहे, असे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. त्या निर्बंधांचे राजकारण क्षणभर बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. किल्ली दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे भाडे वेळेवर भरणाऱ्यालाही दाराबाहेर उभे राहावे लागते.

या परावलंबनाला उतारा आहे, आणि तो नवा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा रचला. या दोहोंतून उभी राहिलेली प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. इंग्रजीत या दोन कल्पनांना एकच शब्द असल्याने तेथे सतत खुलासा करावा लागतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्यांतले अंतर शेंबड्या पोरालाही कळते. चोरून उतरविलेली विंडोजची प्रत फुकट असते, मुक्त नसते.

मुंबईच्या उपनगरांना हा विषय परका नाही. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी ‘इंडिक्स’ प्रकल्प चालविला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ज्या हाताने विंडोजसाठी ‘मंगल’ हा टंक घडविला, त्याच हाताने ‘रघु’ हा मुक्त टंकही घडविला. पवईच्या आयआयटीतून चालणाऱ्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सामग्री घरात आहे. वाण आहे ती उपयोग करण्याच्या इच्छेची.

अर्थात, प्रणाली बदलली की खासगीपणा आपोआप लाभतो, असा भ्रम नको. लिनक्सवर बसूनही तीच ई-मेल आणि तीच समाजमाध्यमे वापरणाऱ्याची माहिती पूर्वीसारखीच गोळा होत राहील. मुक्त प्रणालीही चुकते. २०१२ मध्ये ‘उबंटू’ने संगणकातील शोधाचे शब्द ॲमेझॉनच्या जाहिरातींशी जोडले होते. वापरणाऱ्यांनी गहजब केला, काहींनी दुसरी आवृत्ती गाठली, आणि २०१६ मध्ये ती सोय मुळातूनच बंद ठेवण्यात आली. सोडून जाण्याची वाट मोकळी असली म्हणजे तक्रारीला वजन येते, हा बाजाराचा साधा नियम येथेही लागू पडला.

स्थलांतराच्या अडचणी खऱ्या आहेत. हिशेबाची प्रचलित पॅकेजे, डिजिटल सहीची साधने, जुन्या मराठी टंकांत साठविलेल्या फायली यांपायी कार्यालये विंडोजला जखडलेली आहेत. म्यूनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्स स्वीकारले आणि २०१७ मध्ये माघारी फिरण्याचा ठराव केला, हेही विसरता येत नाही. परंतु सर्वांत मोठी अडचण सवयीची आहे, आणि ती सवय शासनच लावते. महाराष्ट्रात शासकीय कारकुनाच्या नोकरीसाठी एमएस-सीआयटीसारखी संगणक-परीक्षा लागते. २००१ पासून चालत आलेल्या या अभ्यासक्रमात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांचेच शिक्षण प्रामुख्याने दिले गेले. एका कंपनीच्या मालाचा परिचय म्हणजेच संगणक-साक्षरता, असा समज त्यातून रुजला. केरळने याउलट शालेय संगणक-शिक्षणच मुक्त प्रणालीवर आणले.

तेव्हा हा भार एकट्यादुकट्या ग्राहकावर टाकून भागणार नाही. महाविद्यालयांनी निवृत्त ठरलेले संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांतील काहींवर लिनक्स घालून पाहावे. विद्यार्थ्यांची कामे खुल्या स्वरूपातील फायलींत स्वीकारावीत. परीक्षेत प्रणालीचे नाव न विचारता कौशल्य तपासावे, आणि शासनाने आपली संकेतस्थळे व सहीची साधने कोणत्याही प्रणालीवर चालतील असे बंधन पुरवठादारांवर घालावे. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

चाळीत घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याची रीत होती. ती निभावली, कारण शेजारी डोळ्यांसमोर असे आणि किल्ली केव्हाही परत मागता येई. संगणकाची किल्ली मात्र ज्याच्याकडे आहे तो सातासमुद्रापार आहे, आणि ती परत मागावी हे आपल्या विद्यार्थ्यांना अद्याप कोणी शिकविलेलेच नाही.