विश्लेषण : कॅम्पर व्हॅनच्या टपावर सौर पॅनेल लवचिक हवे की काचेचे?

जुन्नर २०१८ मध्ये राज्यातील पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला. २०२१ मध्ये राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आले. नाणेघाट, माळशेज, लेण्याद्री किंवा आंबेगावातून डिंभेमार्गे भीमाशंकर अशा सहलीत गाडीतच मुक्काम करायचा, तर दिवे, पंखा आणि फ्रीजसाठी वीज लागते. ती टपावरच्या सौर पॅनेलमधून घ्यायची, पण पॅनेल कोणते?

वीज किती लागते?

१२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर फ्रीज दिवसाला साधारण ४०० ते ५०० वॉट-अवर खातो. दिवे, पंखा, मोबाइल धरून हिशेब ६०० च्या आसपास जातो. २०० वॉटचे पॅनेल, चार तासांचे पुरेसे ऊन आणि २५ टक्के घट धरली, तर तेवढीच वीज मिळते. म्हणजे पॅनेल जेमतेम पुरते, हाताशी काही उरत नाही. त्यामुळे पॅनेलची क्षमता थोडी जरी घटली, तरी आधी फ्रीज बंद ठेवावा लागतो.

दोन्हींत फरक काय?

आतला सिलिकॉनचा सेल बहुधा सारखाच. काचेच्या पॅनेलला वर जाड काच आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट असते, तर लवचिक पॅनेलला प्लास्टिकचे पातळ आवरण. २०० वॉटचे काचेचे पॅनेल १२ ते १५ किलोपर्यंत भरते, लवचिक चार-पाच किलोत येते. टपाच्या बाकाला ते चिकटवता येते, भोके पाडावी लागत नाहीत. माळशेजच्या पावसात टप गळू नये, एवढ्यासाठीही अनेकांना ते पटते.

गोम इथेच आहे. पॅनेलची क्षमता सेलचे तापमान २५ अंश धरून छापलेली असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. एप्रिलच्या उन्हात सेल ६५ अंशांवर गेला, तर १४ टक्के गेलीच. काचेच्या पॅनेलखाली दोन-तीन इंच मोकळी जागा सोडली की वारा खेळतो. लवचिक पॅनेल थेट तापलेल्या पत्र्याला चिकटते, त्यामुळे ते आणखी तापते. शिवाय घाटात टप थरथरतो, सेलना बारीक तडे जातात. लेण्याद्रीची माकडे टपावर उतरली तर काच ते सोसेल, पातळ आवरणाची खात्री नाही. काचेच्या पॅनेलच्या वीजनिर्मितीला साधारण २५ वर्षांची हमी मिळते, लवचिकला बहुधा काही वर्षांचीच. तरीही वॉटमागे किंमत लवचिकचीच जास्त. ते बिघडले की टपावरून खरवडून काढावे लागते, हा त्रास वेगळाच.

मग काचेचेच घ्यावे?

टप सपाट आणि गाडी वजन पेलणारी असेल, तर होय. मात्र गाडीची उंची आणि वजन वाढते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीविना करता येत नाही. आरटीओत आधी विचारलेले बरे.

बिबट्याचा संबंध कुठे येतो?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वन विभागात येतात. ऊस आणि बिबटे दोन्ही इथे भरपूर. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. अशा मुलुखात रात्री बाहेरचा दिवा विझणे परवडणारे नाही. फ्रीज आणि दिवा एकाच बॅटरीवर असतील, तर कमी वीज शिल्लक राहिली की फ्रीज आपोआप तुटेल, अशी जोडणी करून घ्यावी. झाडाखाली गाडी लावली तर कोणतेही पॅनेल कामाचे नाही. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादन बरेच खाली आणते.

लवचिक पॅनेल कुणासाठी?

ज्यांचे बिऱ्हाडच हलते त्यांच्यासाठी. याच भागात घोड्यांवर संसार लादून फिरणाऱ्या मेंढपाळांना वन विभागाने तंबू आणि सौरदिवे दिले आहेत. तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. व्हॅनवाल्यांनाही घडीचे पॅनेल उपयोगी पडते. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता येते, संध्याकाळी घडी करून आत.

पावसाळ्यात मात्र दोन्ही प्रकार हात टेकतात. ढगाळ दिवशी वीज निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. जुलै-ऑगस्टच्या सहलीला इंजिनवरून बॅटरी भरणारा चार्जर आणि मुक्कामाच्या ठिकाणी विजेचा प्लग, हीच खरी सोय.