शिरःस्नान आणि कोरड्या भुवया

हा मथळा वाचून आमच्या वाचकांस हंसूं येईल. भुवया कोरड्या ठेवणें हा लेखाचा विषय होऊं शकतो, असें सन २०२४ च्या दिवाळीपर्यंत आम्हांसही वाटलें नव्हतें. परंतु त्या दिवाळींत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें आमचें थोडें अज्ञान आणि बराचसा अहंकार दूर झाला. म्हणून तो येथें सांगत आहों.

आमच्या धाकट्या सूनबाईला त्याच्या आदल्या वर्षीं कर्करोगानें गांठलें होतें. ईश्वरकृपेनें व डॉक्टरांच्या प्रयत्नानें ती बरी झाली. पण केमोथेरपीनें डोक्याचे केस गेले आणि त्यांच्या पाठोपाठ भुवयाही गेल्या. हीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर चालून जातात. केसांच्या मुळांतील पेशी त्याच जातीच्या असल्यामुळें रोगाबरोबर त्यांचाही नाश होतो. उपचार संपल्यावर डोक्याचे केस परत आले, भुवया मात्र विरळच राहिल्या. तेव्हां कर्करोगाच्या डॉक्टरांची संमति घेऊन तिनें त्या कोरून घेतल्या. या कृतीस मायक्रोब्लेडिंग म्हणतात. बारीक सुयांच्या पात्यानें त्वचेच्या वरच्या थरांत केसासारखी एकेक रेघ ओढून तींत रंग भरतात. गोंदणाचीच ही धाकटी बहीण. फरक इतकाच कीं, गोंदण जन्मभर राहतें आणि हा रंग साधारण एक ते तीन वर्षांत फिका पडतो.

घरीं येतांना तिला बजावण्यांत आलें होतें कीं, १० दिवस भुवयांस पाणी लागूं द्यावयाचें नाहीं. आणि चौथ्याच दिवशीं नरकचतुर्दशी! आमच्या वडील भगिनी अक्का, वय वर्षें ७८, पहांटे चारलाच तेल-उटणें घेऊन बसल्या होत्या. सूनबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला यंदा डोक्यावरून न्हातां येणार नाहीं." अक्का कांहीं बोलल्या नाहींत, त्यांचा चेहरा मात्र उतरला. आम्ही तेवढे नको तें बोलून गेलों, "सूनबाई, नटण्यासाठीं सणाचें अभ्यंग चुकवावयाचें, हें कांहीं बरें नव्हे."

त्यावर ती शांतपणें म्हणाली, "मामंजी, नटण्यासाठीं नाहीं केलें मी. इतके दिवस आरशांत पाहिलें कीं मला एक आजारी बाईच दिसायची. या दिवाळींत ती नको होती."

प्रश्न पुरता वाचल्यावांचून उत्तर लिहूं नये, असें आम्हीं ३५ वर्षें वर्गांत मुलांस शिकविलें. आणि येथें आम्हींच प्रश्न न वाचतां उत्तर देऊन मोकळे झालों होतों.

अक्कांनीं आमच्याकडे पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "अरे, आम्हांला देवी काढल्या तेव्हां दंडाला पाणी लागूं देत होते का? फोड धरून खपली पडेपर्यंत आई आम्हांला हात वर धरायला लावून न्हाऊं घालायची. हें तसेंच कीं!" जें आम्हांस पोथ्यांत शोधावें लागलें असतें, तें त्यांनीं आपल्या दंडावरच्या वणावरून सांगितलें. पोथ्यांतही निराळें नाहीं. आजारी व अशक्त माणसासाठीं धर्मशास्त्रानें अशिरस्क स्नान, म्हणजे डोकें न भिजवितां केलेलें स्नान, सांगितलें आहे. तेंही न झेपल्यास ओल्या वस्त्रानें अंग पुसणें हेंच स्नान मानलें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत तर ऊन पाणी मानेखालीं घेतल्यास बलकारक आणि तेंच डोक्यावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अपायकारक म्हटलें आहे. नेम घालून देणाऱ्यांनीं अडचणीची वाटही आंखून ठेविली होती. आम्ही नेम तेवढा पाठ करून बसलों होतों.

आतां पाण्याची एवढी भीति कां, हें सांगावयास पाहिजे. सुईनें पडलेल्या रेघा म्हणजे बारीक जखमाच. त्यांवर पातळ खपल्या धरतात व एकदोन आठवड्यांत त्या आपोआप गळतात. भिजल्यास खपली मऊ होऊन अकालीं निघते आणि तिच्याबरोबर रंगही जातो. शिवाय उघड्या जखमेंत जंतु शिरण्याचें भय असतें. मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या माणसाला हें भय अधिक. म्हणूनच डॉक्टरांच्या संमतीशिवाय ही कृति करूं नये.

परंतु न्हातांना भुवया कोरड्या ठेवणें वाटतें तितकें सोपें नाहीं. भुवया म्हणजे डोळ्यांच्या घराची वळचण. कपाळावरून येणारा घाम व पावसाचें पाणी अडवून बाजूला वळविणें हेंच त्यांचें निसर्गदत्त काम. अर्थात् डोक्यावर घेतलेलें पाणी पुढें ओघळलें, तर तें प्रथम त्यांच्यावरच येणार. तेव्हां पाणी पुढें येऊंच द्यावयाचें नाहीं, हा यांतला एकच मुद्दा आहे.

अक्कांनीं तो असा साधला. सूनबाईला पलंगाच्या कडेबाहेर डोकें येईल अशी उताणी निजविली, मानेखालीं टॉवेलची घडी दिली आणि खालीं घमेलें ठेविलें. डाव्या हाताचा तळवा कपाळाच्या वर, केस सुरू होतात तेथें बांधासारखा आडवा धरला आणि उजव्या हातानें तांब्यानें कोमट पाण्याची बारीक धार मागच्या बाजूस सोडली. शांपूही मागूनच लावला. तेल-उटणें मानेखालींच लाविलें, कारण तीं भुवयांसही लागतां कामा नयेत. केस पुसतांना टॉवेल कपाळाकडून मागें नेला, मागून पुढें आणला नाहीं. एका थेंबानेंही भुवई भिजली नाहीं.

ज्यांच्या घरीं शॉवर आहे, त्यांनीं त्याच्याकडे पाठ करून उभें राहावें, धार मंद ठेवावी व मानेखालींच स्नान करावें. पाणी फार कढत घेऊं नये आणि खिडकी उघडी ठेवावी. कारण कोंडलेली वाफही पाण्याइतकीच बाधते. तोंडावर पाणी न मारतां ओल्या फडक्यानें गाल, नाक, हनुवटी पुसावी. हे दिवस चुलीपुढच्या कामांतूनही सुटी द्यावी, कारण घाम हेंही पाणीच. चुकून भुवई भिजलीच तर स्वच्छ मऊ कापडानें नुसती टिपावी, चोळूं नये. खपली नखानें काढूं नये. हळद, खोबरेल असले घरगुती उपाय करूं नयेत. सांगितलेलेंच मलम सांगितलें असेल तितकेंच लावावें. किती दिवस पाणी टाळावें याविषयीं करणाऱ्यांत थोडा मतभेद आढळतो. ज्यानें काम केलें त्याचाच शब्द पाळावा. लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप भरला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावें.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हें सारें एकट्या बाईनें करावयाचें म्हटलें तर मोठी कसरत आहे. पाणी घालणारा दुसरा हात असला म्हणजे कांहींच नाहीं. एकत्र कुटुंबांत असे हात पुष्कळ असतात. ते बोट दाखविण्यास अगोदर पुढें होतात कीं तांब्या उचलण्यास, एवढाच प्रश्न उरतो. आमचें बोट त्या दिवशीं अगोदर पुढें झालें, हें येथें कबूल करतों.

सहा ते आठ आठवड्यांनीं राहिलेल्या जागीं रंग पुन्हां एकदां भरावा लागतो आणि मग हाच नेम पुन्हां पाळावा लागतो. डिसेंबरांत सूनबाई ते काम करून घरीं आली, तेव्हां अक्कांनीं घमेलें आधींच काढून ठेविलें होतें. पाणी तापविण्याचें काम या खेपेस आम्हीं मागून घेतलें.