गिरणी लुटा, पण दळणारीचं नाव काढू नका

व्हिडिओ गेममध्ये लुटालूट असते म्हणून मी गळा काढणाऱ्यांतला नाही. व्हायकिंगांच्या गेममध्ये दरोडे नसतील तर काय भजनं असणार? माझं भांडण आहे ते गिरण्यांवरून.

‘अॅसॅसिन्स क्रीड व्हलहाला’ची ‘डॉन ऑफ रॅग्नारॉक’ ही पुरवणी मार्च २०२२ मध्ये आली. तेव्हा किंमत ४० डॉलर, आणि जाहिरातीत कबूल केलेला खेळ ३५ तासांहून अधिक. आपण हावी, म्हणजे खुद्द ओडिन. पोरगा बाल्डर याला आगीचा राक्षस सुर्तने पळवलंय. बुटक्यांचं स्वार्टाल्फहाइम मुस्पेल आणि योतुन या राक्षसटोळ्यांनी बळकावलंय. या मुलखात शत्रूच्या ताब्यातल्या गिरण्या आहेत. साथीदार घेऊन घुसायचं, पहारेकरी कापायचे, पेटी फोडायची, सिलिका उचलायची आणि ती हुगर-रिप या मनगटावरच्या जादुई कड्याच्या अपग्रेडला घालायची. झालं. चला पुढच्या गिरणीवर.

गिरणीत काय दळतात? कुणासाठी? दळतं कोण? असले प्रश्न पडणाऱ्याने गेम खेळू नये, असंच एकूण धोरण दिसतं. गिरणीच्या जागी जकात नाका ठेवा, तबेला ठेवा, खेळात काडीचा फरक पडणार नाही.

हे चालवून घेतलंही असतं. पण नॉर्स वाङ्मयात दरोडा पडलेल्या जात्याची अख्खी गोष्ट पडून आहे, तीही फुकट. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने ती आपल्या ‘एड्डा’त सांगितली आहे. डेन्मार्कचा राजा फ्रोडी. त्याच्याकडे ग्रोत्ती नावाचं प्रचंड जातं, सांगाल ते दळून देणारं. पण ते ओढायचं कुणी? राजाने स्वीडनहून फेन्या आणि मेन्या या दोन दासी विकत आणल्या. ताकद बघितली, रूप बघितलं, खानदान विचारायचं राहिलं. बाया निघाल्या राक्षसकुळातल्या. त्यांच्याकडून तो सोनं दळून घेई, शांतता दळून घेई, सुख दळून घेई. कोकिळा गप्प राहील तेवढीच विश्रांती. म्हणे राज्यात इतकी शांतता, की माळावर पडलेली सोन्याची अंगठी कुणी उचलत नसे. वा! दोन बांधलेल्या बायका रात्रंदिवस खुंटा ओढतायत आणि राजा रामराज्याची टिमकी वाजवतोय.

मग बायांनी गाणं म्हणत फ्रोडीविरुद्ध सैन्यच दळलं. त्याच रात्री मायसिंग नावाचा समुद्रावरचा दरोडेखोर आला, राजाला मारलं, लूट भरली आणि जात्यासकट दोघींना जहाजावर चढवलं. त्याने फर्मावलं: मीठ दळा. मध्यरात्री बायांनी विचारलं, पुरे झालं का? तो म्हणाला, दळत राहा. थोड्याच वेळात जहाज मिठाच्या भाराने तळाला गेलं. समुद्र खारट का, याचं हे उत्तर.

हे जात्यावरचं गाणं ‘ग्रोत्तासोंग्र’ या नावाने टिकून आहे. ज्या भाषेत हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या भाषेतल्या वाचकाला दगडाच्या घरघरीवर बाई काय काय बोलून जाते, हे समजवायला नको. आमच्या आज्यांनी ओवीत सासर, माहेर, विठोबा घातला. या दोघींनी मालकाचं मरण घातलं.

‘गेम आहे हो, पुराणाचा तास नाही,’ असं म्हणणारे आता येतीलच. या. पण मग मूळ गेममध्ये नदीने जाऊन, शिंग फुंकून मठ लुटायचे, पेट्या पळवायच्या, आणि एखादा साधू कापला की आपल्याच पात्राबद्दल ‘एव्हॉर निरपराधांना मारत नव्हता’ म्हणून कान उपटून घ्यायचे, हे कुठल्या करमणुकीत बसतं? ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर चालून गेलेल्या व्हायकिंगांना कुणी अशी समज दिली नव्हती. व्हायकिंग माणसं पळवून विकत; डब्लिन हा त्यांचा मोठा गुलामबाजार होता. या गेममधल्या धाडीतून मात्र आपण फक्त सामान आणतो. दरोड्याची मजा ठेवायची आणि दरोड्यात धरून नेलेला माणूस गाळून टाकायचा, हीच यांची चाळण. गिरणीतही तीच लावलीय. दळणारीच नाही, मग तिचा राग तरी कुठून येणार?

आणि ग्रोत्ती खरोखर गेममध्ये आणायचं म्हटलं तर नियम आयते तयार आहेत. जातं मागाल ते देईल, पण हाव सुटली की बोट बुडेल. मिळवलेला माल, अपग्रेड, सगळं खोल पाण्यात. खेळाडूला प्रत्येक धाडीत ठरवावं लागेल, आता बस करायचं का. एवढं धारदार डिझाइन आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात असताना या गेमने हात लावला नाही, तो आळसाने नव्हे. ३५ तास विकणाऱ्या धंद्याला ‘पुरे झालं का?’ हा प्रश्नच परवडत नाही. त्याला गिऱ्हाईक हवं मायसिंगसारखं, मध्यरात्रीही ‘दळत राहा’ म्हणणारं. फक्त याचं जहाज बुडता कामा नये, कारण पुढची पुरवणी त्यालाच विकायची असते.